रिलॅक्सर, गरम कंगवा आणि ‘नीटनेटके’ केस

प्रश्न असा आहे: अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रिया केस सरळ का करतात, तो गोऱ्यांसारखं दिसायचा खटाटोप असतो का, आणि आपल्याकडे पार्लरमध्ये स्मूदनिंग करतात त्याहून ते वेगळं काय?

उत्तर शेवटच्या भागापासून द्यावं लागेल, कारण तो कळला की आधीचे दोन निम्मे सुटतात. तिथलं रसायन वेगळं, धोका वेगळा आणि केस सरळ न करण्याची किंमतही वेगळी. आपल्याकडे कुरळ्या केसांची मुलगी केस मोकळे सोडून बँकेत कामाला गेली, तर फार तर कुणीतरी ‘आज विंचरले नाहीत का?’ म्हणून टोकेल. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात जटांसारखे लॉक्स कापायला नकार दिला म्हणून देऊ केलेली नोकरी काढून घेतली गेली आणि २०१६ मध्ये अपील न्यायालयाने त्यात बेकायदा काही नाही असं ठरवलं. हा संदर्भ सोडून नुसतं ‘त्यांना स्वतःचे केस आवडत नाहीत’ म्हणणं फार स्वस्त आहे.

आधी केस. केस सरळ की कुरळा हे त्वचेच्या आत ठरतं. ज्या पिशवीतून तो उगवतो ती सरळ असेल तर केस सरळ आणि त्याचा आडवा काप जवळपास गोल. पिशवी वाकलेली असेल तर केस वळत वाढतो आणि काप चपटा, लंबगोल होतो. आफ्रिकी वंशाच्या बहुतेक लोकांमध्ये ही पिशवी चांगलीच वाकलेली असते, त्यामुळे केस बाहेर येतानाच गुंडाळी घेऊन येतो. शिवाय तो स्वतःभोवती पीळही घेतो, आणि पिळाच्या प्रत्येक जागी तो बारीक व कमजोर असतो. डोक्याच्या त्वचेतलं तेल या वळणांवरून खाली उतरत नाही, म्हणून मुळाशी ठीक आणि टोकाशी कोरडा. ओढून मोजला तर ३० सेंटिमीटर भरणारा केस मोकळा सोडला की निम्माच दिसतो, कधी त्याहूनही आखूड. ‘आमचे केस वाढतच नाहीत’ ही जी तक्रार ऐकू येते तिचं मूळ इथे आहे. केस वाढतो, महिन्याला साधारण सेंटिमीटरभर किंवा थोडा कमी, पण जितका मुळाशी वाढतो तितकाच टोकाशी तुटत असतो.

ओले केस विंचरू नयेत ही आपल्या घरातली शिकवण सरळ केसांसाठी बरोबर आहे, कारण ओला केस नाजूक असतो. घट्ट गुंडाळीच्या केसांना नियम उलटा लागतो. कोरड्या केसात कंगवा घातला की गुंडाळ्या एकमेकींत अडकतात आणि ओढ इतकी बसते की केस मधूनच तुटतो. भरपूर कंडिशनर लावून, ओले असताना, आधी बोटांनी आणि मग रुंद दातांच्या कंगव्याने, टोकाकडून मुळाकडे गुंता सोडवायचा. ही एक गोष्ट नीट केली तर पुष्कळ केस वाचतात. रिलॅक्सर, म्हणजे केस कायमचे सरळ करणारं क्रीम, लावण्याचं एक व्यवहारी कारणही यातच आहे. आईला सकाळी कामावर जाण्याआधी तीन मुलींचे केस आवरायचे असतात, आणि सरळ केलेला केस दहा मिनिटांत विंचरून होतो.

केसाचा आकार टिकवून धरणारे बंध मुख्यतः दोन प्रकारचे. हायड्रोजन बंध पाण्याने आणि उष्णतेने सुटतात आणि पुन्हा जुळतात. गंधकाचे बंध पक्के, ते रसायनानेच तुटतात. केस सरळ करण्याच्या बहुतेक पद्धती या दोनपैकी एकावर किंवा दोन्हींवर चालतात, आणि कोणती पद्धत कशावर चालते हे न कळल्याने बहुतेक अपघात होतात.

गरम कंगवा आणि त्याचं आजचं रूप असलेली इस्त्री फक्त हायड्रोजन बंध सोडवते. म्हणून घाम आला, पाऊस लागला, पोहायला गेलं की केस पुन्हा मूळ रूपात. जुनी पद्धत अशी: केस धुऊन पूर्ण वाळवायचे, पितळी किंवा लोखंडी कंगवा गॅसवर तापवायचा, पांढऱ्या कागदावर टेकवून बघायचा. कागद तपकिरी पडला तर कंगवा जास्त तापलाय, थांबायचं. केसाला थोडं तेल लावून पातळ बट घ्यायची आणि कंगव्याची पाठ केसावर दाबत खाली यायचं. इस्त्री वापरायची तर बारीक किंवा रंगवलेल्या केसांना १५० ते १७० अंश सेल्सिअस, जाड केसांना १८० ते २००, त्याच्या वर नाही. कोरड्या केसातलं केराटिन साधारण २२० ते २३० अंशांना बिघडायला लागतं, आणि बिघडलेली गुंडाळी परत येत नाही. एका बटेवरून एकदाच, फार तर दोनदा इस्त्री फिरवायची, तीही बटेच्या पुढे कंगवा चालवत. केस जरा जरी ओला असला तर आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात बुडबुडे पडतात आणि तो तिथेच मोडतो. इस्त्री फिरवताना ‘चर्र’ आवाज आला तर तो तेलाचा समजून दुर्लक्ष करू नये.

रिलॅक्सर हे वेगळंच प्रकरण. त्यात गंधकाच्या बंधातला एक गंधकाचा अणू कायमचा निघून जातो आणि बंधाची जात बदलते. परत जोडण्याची सोय नाही. हे काम करणारं रसायन म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, आपण नळाची मोरी मोकळी करायला वापरतो तोच कॉस्टिक सोडा, क्रीममध्ये साधारण दोन टक्क्यांच्या आसपास. दुसरा प्रकार ‘नो-लाय’, म्हणजे कॉस्टिक सोडा नसलेला, म्हणून विकला जातो. त्यात एका डब्यात कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं, म्हणजे पानाला लावतात त्या चुन्याचं क्रीम असतं आणि दुसऱ्या बाटलीत ग्वानिडीन कार्बोनेट. दोन्ही मिसळले की ग्वानिडीन हायड्रॉक्साइड तयार होतं. मिश्रण लगेच वापरायचं, उरलेलं टाकून द्यायचं. ‘नो-लाय’ म्हणजे सौम्य, हा समज जाहिरातीने पसरवलेला आहे. त्याने डोक्याची त्वचा थोडी कमी जळते हे खरं, पण पीएच दोन्हींचा १२ च्या घरात असतो आणि तेवढा पीएच त्वचा भाजायला पुरतो. वर नो-लायमधून कॅल्शियमचे कण केसावर बसतात, बोअरच्या पाण्याने बादलीवर पांढरा थर धरतो तसे, आणि केस महिनाभरात राठ होतो. तो थर काढणारा खास चिलेटिंग शाम्पू लागतो. नुसतं तेल चोपडून काही होत नाही.

लावण्याची रीत इथे सविस्तर सांगतो, कारण नुकसान होतं ते बहुतेक रीतीत. तीन दिवस आधीपासून डोकं धुवायचं नाही, खाजवायचं नाही, ब्रश फिरवायचा नाही. त्वचेवरचं तेल हेच पहिलं संरक्षण, आणि नखाने पडलेला बारीकसा ओरखडाही रिलॅक्सर लागला की फोड होतो. वेण्या सोडल्या त्याच दिवशी लावायचं नाही, आठवडाभर थांबायचं. मागच्या बाजूची एक लपणारी बट घेऊन चाचणी करायची. ती ताणल्यावर तुटली किंवा चिकट झाली तर विषय तिथेच संपला. मग कपाळाची कड, कान, मान आणि प्रत्येक भांगावर व्हॅसलीनचा थर. केसांचे चार भाग करून अर्ध्या सेंटिमीटरपासून एक सेंटिमीटरपर्यंतचे पातळ पदर घ्यायचे. सुरुवात सर्वांत जाड, हट्टी भागापासून, म्हणजे बहुधा मागून. कपाळाकडचे बारीक केस सर्वांत शेवटी, कारण ते लवकर शिजतात. क्रीम मुळापासून अर्धा सेंटिमीटर दूर ठेवायचं, आणि फक्त नव्याने उगवलेल्या केसाला लावायचं. आधी सरळ केलेल्या केसावर कंडिशनरचा जाड थर, म्हणजे वाहून आलेलं क्रीम तिथे बसणार नाही.

घड्याळ पहिली बट लावली तेव्हापासून चालू, शेवटची लावली तेव्हापासून नाही. लावणं आठ-दहा मिनिटांत उरकावं आणि एकूण वेळ डब्यावर लिहिली असेल तीच, साधारण १३ ते १८ मिनिटं. ‘अजून नीट सरळ झाले नाहीत’ म्हणून पाच मिनिटं वाढवणं हे केस गळण्याचं सर्वांत मोठं कारण. केस काचेसारखा सपाट करायचा नसतोच. ७५-८० टक्के सरळ झाला की थांबायचं, थोडं वळण राहू द्यायचं, त्यात केसाची ताकद टिकते. आग व्हायला लागली की जिथे होते तिथे लगेच धुवायचं, सहन करायचं नाही. ‘जळल्याशिवाय केस सरळ होत नाही’ ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे आणि ती साफ चूक आहे. आग म्हणजे त्वचा भाजतेय, केसाच्या सरळ होण्याशी तिचा संबंध नाही.

धुताना कोमट पाण्याची धार किमान पाच मिनिटं, नुसतं बोटांनी चोळून क्रीम निघत नाही. मग आम्लधर्मी न्यूट्रलायझिंग शाम्पू, तीनदा. या शाम्पूत बहुतेकदा रंगाचा सूचक घातलेला असतो. फेस गुलाबी म्हणजे अल्कली अजून केसात आहे, पांढरा म्हणजे निघाली. मानेच्या वरचा भाग आणि कानामागची जागा नेहमी राहून जाते, आणि दोन आठवड्यांनी तिथेच केस झडतात.

आपल्याकडच्या स्मूदनिंग-रिबॉन्डिंगशी गल्लत होते ती नेमकी इथे. रिबॉन्डिंगमध्ये थायोग्लायकोलेट वापरतात. ते गंधकाचा बंध उघडतं, इस्त्रीने केस सरळ करतात आणि मग हायड्रोजन पेरॉक्साइडने बंध पुन्हा जोडतात. त्या पेरॉक्साइडलाही पार्लरवाले ‘न्यूट्रलायझर’च म्हणतात. नाव एक, काम पूर्ण वेगळं. हायड्रॉक्साइड रिलॅक्सरनंतर पेरॉक्साइड ओतलं तर अल्कली निघत नाही, उलट केस आणखी पोखरला जातो. आणि हायड्रॉक्साइड झालेल्या केसावर थायो, किंवा थायो झालेल्यावर हायड्रॉक्साइड, कधीच नाही. दोन्हींचा एकत्रित परिणाम असा की केस मुळापासून दोन बोटांवर तुटून हातात येतो. ज्यांच्या डोक्यावर आधी काय लावलंय हे ठामपणे कळत नाही, त्यांना काहीच लावू नये.

तिसरी पद्धत केराटिन किंवा ‘ब्राझिलियन’. यात बऱ्याच उत्पादनांत फॉर्मल्डिहाइड असतं, कधी लेबलवर मिथिलीन ग्लायकोल या नावाने. २३० अंशांच्या इस्त्रीखाली ते वायू होऊन खोलीभर पसरतं आणि सर्वांत जास्त श्वासात जातं ते काम करणाऱ्या मुलीच्या, गिऱ्हाइकाच्या नव्हे. ‘फॉर्मल्डिहाइड-मुक्त’ म्हणून जी आली त्यांतल्या अनेकांत ग्लायऑक्झिलिक आम्ल आहे, आणि त्यानंतर मूत्रपिंडाला अचानक इजा झाल्याच्या घटना इस्राएल व फ्रान्समधल्या डॉक्टरांनी नोंदवल्या आहेत. हा इशारा थेट आपल्यालाही लागू आहे, कारण मुंबई-पुण्यात हीच उत्पादनं धडाक्यात चालतात. उपचारानंतर एक-दोन दिवसांत मळमळ, पोटात किंवा पाठीत दुखणं, लघवी कमी होणं असं झालं तर रक्तातलं क्रिएटिनिन (त्यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं) तपासून घ्यावं आणि केसांचं काय केलं ते डॉक्टरांना सांगावं. त्यांच्या डोक्यात ते आपणहून येणार नाही.

आता ‘का’ हा प्रश्न. सरळ केस म्हणजे सभ्य केस हे समीकरण गुलामगिरीच्या काळात तयार झालं. १७८६ मध्ये स्पॅनिश अमलाखालच्या लुइझियानात गव्हर्नर एस्तेबान मिरो याने स्वतंत्र कृष्णवर्णीय स्त्रियांनी केस सजवून मिरवू नये, डोकं फडक्याने बांधावं असा हुकूम काढला. स्त्रियांनी त्या फडक्यालाच इतकं देखणं रूप दिलं की हुकमाचा हेतू फसला. गुलामगिरी संपल्यावर नोकरी, शाळा, चर्च इथे प्रवेश मिळवायचा तर ‘नीटनेटकं’ दिसायला हवं, आणि नीटनेटकं म्हणजे काय हे ठरवणारे गोरे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सेंट लुइसच्या अ‍ॅनी टर्नबो मलोन आणि तिची एकेकाळची विक्रेती, पुढे मॅडम सी. जे. वॉकर म्हणून गाजलेली सारा ब्रीडलव्ह, या दोघींनी केसांच्या उत्पादनांवर मोठे उद्योग उभे केले. वॉकरने गरम कंगवा शोधला असं सर्रास छापलं जातं, ते खोटं आहे. तापवलेली साधनं फ्रान्समध्ये आधीपासून होती. तिचं मुख्य उत्पादन डोक्याच्या त्वचेच्या रोगांवरचं, केस वाढवणारं मलम होतं, आणि ‘मी केस सरळ करते’ हा शिक्का ती स्वतः नाकारत असे. मात्र तिच्या पद्धतीत कंगवा होता, आणि तिच्या हाताखाली शिकलेल्या हजारो बायकांना मोलकरणीच्या कामाबाहेरचं पहिलं स्वतंत्र उत्पन्न मिळालं ते याच धंद्यातून. १९१२ मध्ये कृष्णवर्णीयांचे नेते बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या व्यापारी परिषदेत तिला बोलायला मिळेना, तर तिने सभेतून उभं राहून बोलून घेतलं. वॉशिंग्टन यांना केस सरळ करणारा धंदाच मान्य नव्हता. म्हणजे वाद तेव्हापासूनचा आहे, आणि त्यात एक बाजू आत्मसन्मानाची, दुसरी पोटाची, असं सरळ विभाजन तेव्हाही जमत नव्हतं.

पुरुषही यातून सुटले नव्हते. ‘कॉन्क’ नावाची केशरचना घरी कॉस्टिक सोडा, अंडी आणि बटाटे मिसळून केली जायची. कृष्णवर्णीयांचे नेते मॅल्कम एक्स यांनी तरुणपणी ती करून घेतली आणि पुढे ती आपल्या अधःपाताची मोठी पायरी असल्याचं लिहून ठेवलं. १९५४ मध्ये शिकागोत जॉर्ज जॉन्सन यांनी जॉन्सन प्रॉडक्ट्स सुरू केली ती पुरुषांच्या रिलॅक्सरनेच. काही वर्षांत स्त्रियांसाठी ‘अल्ट्रा शीन’ आलं, आणि १९७१ मध्ये ही अमेरिकन स्टॉक एक्स्चेंजवर नोंदली गेलेली पहिली कृष्णवर्णीय मालकीची कंपनी ठरली. साठच्या दशकात ‘ब्लॅक इज ब्यूटिफुल’चा नारा घुमला, अँजेला डेव्हिस आणि कॅथलीन क्लीव्हर या कार्यकर्त्यांचा आफ्रो, म्हणजे सरळ न करता गोल फुलवलेले केस, राजकीय विधान बनला, १९६८ मध्ये पहिल्या ‘मिस ब्लॅक अमेरिका’ सॉन्ड्रा विल्यम्स आफ्रो ठेवूनच जिंकल्या. आणि त्याच जॉन्सन कंपनीने ‘आफ्रो शीन’ही विकायला काढलं. बाजाराला वादाची बाजू नसते.

विचारवंतांमध्येही एकमत नाही, आणि ते नसणंच रास्त वाटतं. लेखिका बेल हुक्स यांनी दोन्ही गोष्टी मांडल्या: शनिवारी स्वयंपाकघरात बायका जमून एकमेकींचे केस गरम कंगव्याने सरळ करायच्या त्यातली माया, गप्पा, मुलीचं बाई होणं, हे खरं, आणि या विधीच्या मुळाशी असलेली गोऱ्या सौंदर्याची सत्ता, हेही खरं. ब्रिटनमध्ये कोबेना मर्सर यांनी १९८७ मध्ये वेगळाच मुद्दा काढला. आफ्रोसुद्धा ‘नैसर्गिक’ नाही, तो विंचरून, कापून, फुलवून घडवावा लागतो; आणि आफ्रिकेत केस जसेच्या तसे सोडणं हा कधी आदर्शच नव्हता. त्यांच्या मते कॉन्कसुद्धा नुसती नक्कल नव्हती, कारण तसे केस कुठल्याच गोऱ्याचे नसत. आम्हाला मर्सरचा मुद्दा पटतो, पण अर्धाच. केस घडवण्यात कला असते हे मान्य. मात्र घडवायला ज्याला भाग पाडलं जातं आणि हौसेने जो घडवतो, त्या दोघांची डोकी एकाच खुर्चीत बसली तरी गोष्ट एक नाही.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत ‘नॅचरल’ चळवळीने रिलॅक्सरची विक्री खाली आणली. तिच्या आतही उतरंड तयार झालीच. केसांचं १ ते ४ आणि त्यात ए-बी-सी असं जे वर्गीकरण चालतं, त्याची सुरुवात टीव्ही निवेदिका ऑप्रा विन्फ्रीचे केस करणारे आंद्रे वॉकर यांची. सैल गुंडाळीच्या मुलींना जाहिरातीत जागा मिळते, सर्वांत घट्ट ‘४सी’ केसांना क्वचितच. कामाच्या दृष्टीने त्या वर्गीकरणाचा उपयोगही मर्यादित आहे. केस पाणी किती लवकर शोषतो, किती दाट आहे, एकेक केस किती जाड आहे, हे कळणं आकाराच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचं.

कायद्याची बाजू समजून घेतल्याशिवाय ‘निवड’ या शब्दाला अर्थ नाही. १९८१ मध्ये रेने रॉजर्स या अमेरिकन एअरलाइन्समध्ये काम करणाऱ्या स्त्रीने कॉर्नरो, म्हणजे डोक्याला चिकटून ओळीने घातलेल्या, वेण्यांवरच्या बंदीविरुद्धचा दावा हरला. न्यायालयाचं म्हणणं असं की वंश बदलता येत नाही, वेणी बदलता येते, म्हणून बंदी वंशभेद नव्हे. अलाबामाच्या मोबील शहरातला, वर सांगितलेला खटला याच तर्काने गेला. या तर्कातली खोच लक्षात घ्या: केस डोक्यातून जसा उगवतो त्याला नाही, पण त्याला सांभाळण्याच्या सर्व सोयीच्या पद्धतींना बंदी, आणि उरतो एकच मार्ग, तो रसायनाचा. २०१९ च्या जुलैत कॅलिफोर्नियाने क्राउन कायदा करून केसांचा पोत आणि वेण्या, लॉक्स, ट्विस्ट यांसारख्या रचना वंशाच्या व्याख्येत घेतल्या. त्यानंतर वीसहून अधिक राज्यांनी तसे कायदे केले. देशभरासाठीचं विधेयक २०२२ मध्ये कनिष्ठ सभागृहात मंजूर झालं आणि सिनेटमध्ये अडकलं. दक्षिण आफ्रिकेत २०१६ मध्ये प्रिटोरिया गर्ल्स हायस्कूलच्या मुलींनी केसांच्या नियमांविरुद्ध आंदोलन केलं. ज्या देशात वर्णद्वेषी राजवट केसात पेन्सिल अडकते की पडते यावर माणसाचा वंश ठरवायची, तिथल्या मुली होत्या त्या. खेळातही हेच. दाट केसांसाठीच्या मोठ्या पोहण्याच्या टोपीला टोकियो ऑलिंपिकसाठी परवानगी नाकारली गेली, ती मिळाली थेट २०२२ मध्ये.

आरोग्याचा मुद्दा अलीकडे वादाच्या मध्यभागी आलाय. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या ‘सिस्टर स्टडी’चे आकडे आले. सुमारे ३३,५०० स्त्रियांचा जवळपास ११ वर्षं पाठपुरावा केला होता. केस सरळ करणारी उत्पादनं कधीच न वापरणाऱ्यांत वयाच्या सत्तरीपर्यंत गर्भाशयाच्या कर्करोगाचा अंदाजे धोका १.६४ टक्के, वारंवार वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के. तिथे ‘वारंवार’ म्हणजे वर्षात चारपेक्षा जास्त वेळा. रिलॅक्सरचा टचअप, म्हणजे नव्याने उगवलेल्या केसाला पुन्हा लावणं, दर आठ आठवड्यांनी केला तर वर्षाला सहा होतात, म्हणजे नेहमीची गिऱ्हाईक आपोआप या गटात जाते. हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. कोणत्या घटकाने होतं हे त्या अभ्यासात नोंदवलेलं नव्हतं, आणि मूळ धोका लहान आहे. पण टचअप बारा आठवड्यांवर नेणं, त्वचेला क्रीम लागू न देणं आणि लहान मुलींच्या डोक्याला ते अजिबात न लावणं, एवढं तरी आजच करण्याजोगं आहे.

कर्करोगापेक्षा रोज दिसणारं नुकसान म्हणजे टक्कल. कपाळाची कड आणि कानशिलं मागे सरकतात ती ओढीमुळे. केप टाउनच्या नॉनह्लान्हला खुमालो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की घट्ट वेण्या एकट्याने जेवढं करतात त्याहून रिलॅक्सर लावलेल्या केसांवरच्या घट्ट वेण्या जास्त करतात. वेणी घातल्यावर पहिल्या रात्री डोकं दुखलं, मुळाशी पुटकुळ्या आल्या तर वेणी सैल करायची, गोळी खाऊन झोपायचं नाही. दुसरा प्रकार डोक्याच्या मधोमध, शेंडीच्या जागी सुरू होऊन गोलाकार पसरतो. १९६८ मध्ये त्याचं खापर गरम कंगव्यावर फोडलं गेलं होतं, पण २०१९ मध्ये काही रुग्णांत पीएडीआय३ या जनुकातले बदल सापडले, म्हणजे प्रकरण नुसत्या कंगव्याचं नाही. यात मुळं व्रणाने बुजतात आणि बुजलेल्या जागी केस परत येत नाही. मधोमध खाज, जळजळ आणि विरळपणा एकत्र दिसला की तेल-मसाज बंद करून त्वचारोगतज्ज्ञाकडे जायचं. लवकर गेलं तर राहिलेलं वाचतं.

रिलॅक्सर सोडायचा असेल तर सरळ झालेला केस पुन्हा कुरळा होत नाही, तो फक्त कापला जातो. एक तर सगळे एकदम कापायचे, नाही तर वर्ष-दीड वर्ष दोन प्रकारचे केस एकत्र सांभाळायचे. नवा कुरळा आणि जुना सरळ जिथे मिळतात ती रेघ सर्वांत कमजोर. तिथे कंगवा नको, बोटं. दर सहा-आठ आठवड्यांनी एक-दोन सेंटिमीटर टोकं काढायची. दोन्ही एकसारखे दिसावेत म्हणून रोज इस्त्री फिरवली तर सोडण्याचा उपयोग उरत नाही.

आपला संबंध कुठे येतो? एक, केसांच्या व्यापारात. तिरुपतीला भाविक जे केस अर्पण करतात त्यांचा देवस्थान लिलाव करतं, आणि खवल्यांची दिशा एकसारखी राखलेले लांब केस ‘रेमी’ म्हणून परदेशी जातात. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या विव्ह (स्वतःच्या केसात गुंफलेले जादा केस) आणि विगमध्ये भारतीय केसांना मोठी मागणी आहे. दरवर्षी महाराष्ट्रातून तिरुपतीला जाऊन केस देणाऱ्यांचीही त्यात भर असतेच. दोन, खुर्चीत बसणारं गिऱ्हाईक. पुण्यात आफ्रिकेतून शिकायला आलेल्या पुष्कळ मुली आहेत, आणि कर्नाटकातल्या हल्याळ-यल्लापूर भागातल्या, मूळ आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजाच्या मुली कामासाठी गोवा-बेळगावकडे येतात. आपल्या पार्लरमध्ये हे केस पाहून ‘रिबॉन्डिंग करून टाकू’ असं पहिलं वाक्य निघतं. ते न बोलता आधी चार गोष्टी विचारा: शेवटचं रसायन कधी आणि कोणतं, वेण्या कधी सोडल्या, डोक्यावर कुठे आग किंवा खाज आहे का, आणि तुम्हाला काय हवंय. पुष्कळदा उत्तर इतकंच असतं की टोकं काढून हवीत आणि गुंता न ओढता सोडवून हवा. त्यासाठी लागतं ते रुंद दातांचा कंगवा, पाण्याची स्प्रे बाटली, भरपूर कंडिशनर आणि दीड तास. दर दीड तासाचा लावा, पण केस ‘कठीण’ आहेत म्हणून जादा लावू नका.